आई-बाबांसोबत आरव्हीतून फोर्ट स्टीव्हन्सला: तीन रात्रींच्या मुक्कामाची तयारी

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड, बीव्हर्टन, हिल्सबरोकडच्या मराठी घरांत पहिल्याच शनिवारी समुद्राचा बेत ठरतो. पहाटे उठून डबे भरायचे, दीड तास गाडी हाकायची, कॅनन बीचला हेस्टॅक रॉकसमोर फोटो काढायचे. तासाभरात आई वाऱ्याला वैतागून गाडीत जाऊन बसते. बाबांना बाथरूम हवं असतं, ते जवळपास नसतं. चहा म्हणून जे मिळतं त्याला चहा म्हणवत नाही. संध्याकाळी सगळे परत घरी, आणि पुढच्या शनिवारी ‘आता समुद्र नको’.

आरव्हीने, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या चाकांवरच्या घराने, यातलं बरंच निभावतं, कारण संडास आणि शेगडी दोन्ही पाच पावलांवर येतात. पण आरव्ही मिळाली म्हणून रोज नवं गाव करायला गेलात, तर चालवणारा दमतो आणि मागे बसलेले त्याहून जास्त. माझा हिशेब असा: एकच जागा, किमान तीन रात्री, आणि मोठी गाडी हलवायची फक्त येताना आणि जाताना. जागा म्हणून इथे फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्क घेतलंय. कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते त्या कोपऱ्यात, अ‍ॅस्टोरियाजवळ, पोर्टलंडपासून साधारण १०० मैलांवर.

१. आधी जागा, मग गाडी

बहुतेक जण आधी आरव्ही बघतात. उलटं करा. गाड्या पुष्कळ मिळतात, जुलैतल्या शनिवारची जागा मिळत नाही. ऑरेगनच्या स्टेट पार्कांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, तेही रोज एकेक दिवस पुढे सरकत. १० जुलैला पोहोचायचं असेल तर १० जानेवारीला सकाळी संगणकासमोर बसा. आई-बाबांच्या तिकिटांचं तोवर ठरलेलं नसतं, हे खरं. तरी जागा घेऊन ठेवा. पुढे रद्द केलीत तर थोडे पैसे जातात, पण थांबून राहिलात तर जागाच जाते. उशीर झालाच असेल तर रविवार ते गुरुवार बघा. इतरांनी सोडलेल्या जागा पुन्हा यादीत येत असतात, म्हणून रोज एकदा डोकावत राहिलं तर काहीतरी हाती लागतं. परराज्यातून येणाऱ्या आरव्हीला दर २५ टक्के जास्त पडतो. सिअ‍ॅटलहून किंवा बे एरियातून येणाऱ्यांनी तो हिशेबात धरावा.

फोर्ट स्टीव्हन्स सुमारे ४,३०० एकरांचं आहे आणि मुक्कामाच्या जागा पाचशेच्या आसपास. यादीत दोन प्रकार दिसतील: एकात फक्त वीज आणि पाणी, दुसऱ्यात त्यांच्यासोबत सांडपाण्याची जोडणीही. या दुसऱ्याला फुल हुकअप म्हणतात. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर डोळे मिटून फुल हुकअप घ्या. का, ते टाक्यांच्या भागात कळेल.

प्रत्येक जागेची लांबी दिलेली असते, ती गाडीच्या लांबीशी ताडून बघा. २५ फुटी गाडीला २५ फुटांची जागा घेऊ नका, मागे-पुढे हलायला काही फूट लागतातच. बाथरूमची इमारत नकाशावर शोधा. अगदी लगतची जागा नको, रात्रभर दार वाजतं, पण दोन-तीन जागा सोडून चालेल.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. खिडकी उघडली की लाटा, असं इथे नाही. मुक्कामाच्या जागा पाइनच्या झाडीत, कॉफनबरी तळ्याच्या बाजूला आहेत आणि समुद्र तिथून सुमारे मैलभर लांब. पहिल्यांदा मी खट्टू झालो होतो. रात्री वारा सुटला तेव्हा त्या झाडांचे आभार मानले.

महिना कोणता? इथला पाऊस आपल्या उलट: नोव्हेंबर ते मार्च झोड, जुलै-ऑगस्ट कोरडे. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या तुकडीने १८०५-०६ चा हिवाळा इथून जवळच फोर्ट क्लॅट्सॉपला काढला, तेव्हा अख्ख्या मुक्कामात बिनपावसाचे दिवस मिळाले जेमतेम बारा. जुलैत पाऊस नसला तरी दुपारी वायव्येचा वारा अंगात शिरतो आणि सकाळी धुकं असतं. माझी पसंती सप्टेंबरला: वारा कमी, ऊन मऊ, शाळा सुरू झाल्यामुळे गर्दीही ओसरलेली. फक्त गणपती कधी आहेत ते बघून तारखा धरा, नाहीतर घरच्यांपैकी निम्मे येणार नाहीत.

२. गाडी निवडताना

आरव्हीचे तीन वर्ग ऐकू येतील. ‘ए’ म्हणजे बसएवढी, ‘बी’ म्हणजे व्हॅन, ‘सी’ म्हणजे ट्रकच्या केबिनमागे खोली बसवलेली आणि केबिनच्या डोक्यावर एक बिछाना असलेली. आई-बाबा, तुम्ही दोघं आणि मुलं असाल तर २४ ते २६ फुटांची ‘सी’ बरी. चालवायला नेहमीचं लायसन्स पुरतं.

जाहिरातीत ‘सहा जण झोपतात’ असं लिहिलेलं असतं. कसे झोपतात ते विचारा. केबिनवरचा बिछाना शिडीचा आणि छत नाकाला लागेल असा, तो मुलांचा. जेवणाचं टेबल मोडून होणारा बिछाना रोज रात्री लावायचा आणि सकाळी काढायचा, तो तुमचा. मागचा कायमचा पलंग आई-बाबांचा, कारण संडास बहुधा त्याच्याच शेजारी असतो. सीटबेल्टही मोजा. बिछाने सहा म्हणजे पट्टे सहा असं नसतं, आणि मुलांची कार-सीट आडव्या बाकावर लावायची नाही, पुढे तोंड असलेल्याच आसनावर.

भाड्याच्या आकड्यावर भुलू नका. त्यावर मैलांचे पैसे, सफाई, विमा आणि अनामत चढते. तुमच्या रोजच्या गाडीचा विमा भाड्याच्या आरव्हीला लागू होईलच असं नाही. क्रेडिट कार्डवरचं संरक्षणही अनेकदा आरव्ही वगळतं. दोन्हीकडे फोन करून विचारा. इंधनाचा अंदाज सोपा आहे: गॅलनमागे ८ ते १० मैल. जाऊन-येऊन २०० मैल आणि इकडेतिकडे थोडं धरलं तर २५ गॅलनच्या आसपास.

आणखी एक खर्च मी मुद्दाम करायला सांगेन: घरची साधी गाडीही सोबत घ्या. एकाने आरव्ही चालवायची, दुसऱ्याने मागून गाडी आणायची. पार्कात जादा गाडीचं शुल्क पडतं, पण मग दूध आणायला किंवा अ‍ॅस्टोरिया बघायला नळ-वायरी सोडून अख्खं घर हलवावं लागत नाही.

गाडी ताब्यात घेताना मालक वीस मिनिटांत सगळं दाखवतो आणि आपण माना डोलावतो. मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ करा. कुठली मूठ कुठली टाकी उघडते, गॅस कुठे बंद होतो, गरम पाण्याचं बटण कुठलं, हे रात्री दहाला कुणाला विचारणार? आधीचे ओरखडेही त्याच व्हिडिओत येऊ द्या.

३. सामान

गाडीसोबत काय मिळतं ते आधी विचारा आणि नसेल ते घ्या: पिण्याच्या पाण्याची वेगळी नळी (बहुधा पांढरी असते), नळाचा दाब कमी करणारा पितळी रेग्युलेटर, विजेचा दाब अचानक वाढला तर यंत्रं वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर, चाकांखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या पाट्या, चाकं घरंगळू नयेत म्हणून लावायच्या उट्या, सांडपाण्याची जाड नळी आणि रबरी हातमोज्यांचं अख्खं खोकं. मोजे एकदा वापरून टाकायचे, तिथे काटकसर नको.

स्वयंपाकघर लहान आहे, हे विसरून संसार भरू नका. तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा, चहाचं पातेलं. पोळ्या घरून लाटून, भाजून, थंड करून न्या. मेतकूट, लोणचं, भाजणी, दाण्याचा कूट आणि तुपाची बरणी एवढ्यावर तीन दिवस निघतात. भाजी-दूध वाटेत घेऊ नका. पार्कापासून काही मिनिटांवर वॉरेंटनमध्ये फ्रेड मायर आणि कॉस्टको ही दोन्ही मोठी दुकानं आहेत.

शेकोटीची लाकडं घरून मुळीच नेऊ नका. लाकडातून कीड एका जंगलातून दुसऱ्यात जाते, म्हणून जिथे जाळायची तिथलीच विकत घ्यायची. कपड्यांत प्रत्येकाला कानटोपी. आईला ‘ऑगस्टमध्ये कानटोपी?’ असं वाटेल. तरी ठेवा, इथल्या किनाऱ्यावर भर उन्हाळ्यातही दुपारचा पारा विशीच्या आतबाहेरच असतो.

४. रस्ता

पोर्टलंडहून दोन वाटा. हायवे २६ डोंगर ओलांडून सीसाइडजवळ उतरतो आणि मग १०१ वरून उत्तरेला जायचं. हायवे ३० कोलंबियाच्या कडेने थेट अ‍ॅस्टोरियाला. आरव्ही पहिल्यांदाच चालवत असाल तर ३० घ्या, चढ-वळणं कमी आहेत.

निघण्याआधी गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. ११-१२ फूट असते, आणि ड्राइव्ह-थ्रूचं छत त्याहून ठेंगणं असू शकतं. वळताना मागच्या चाकामागचा भाग उलट्या बाजूला झुकतो, पेट्रोल पंपाचे खांब आणि शेजारच्या गाड्या त्यानेच घासल्या जातात. इंधन भरताना गॅस बंद असू द्या. चालत्या गाडीत कुणी उठायचं नाही. आई डबा द्यायला उठणारच, तेव्हा डबा आधीच तिच्या मांडीवर द्या.

कपाटांच्या कड्या लावल्यात का ते निघताना एकाने बघायचं. पहिल्याच वळणाला आमची साबुदाण्याची बरणी फुटली. अजूनही ती गाडी कुणी झाडली की चार दाणे निघत असतील.

५. जागेवर पोहोचल्यावर

जागा दुपारी चारला मिळते. अंधार व्हायच्या आत पोहोचा, कारण मागे घेताना एकाने खाली उतरून हात दाखवावा लागतो. वरच्या फांद्याही त्यानेच बघायच्या. मग हा क्रम पाळा:

- गाडी सपाट करा. जी बाजू खाली आहे त्या चाकांखाली पाट्या, आणि गाडी स्थिर झाल्यावर उट्या. गॅसवरचा फ्रिज वाकड्या गाडीत नीट चालत नाही, आणि डोकं उताराकडे करून झोपलेलं माणूस सकाळी बोलत नाही.
- जागेवरच्या विजेच्या खांबावरचं बटण बंद ठेवून सर्ज प्रोटेक्टर लावा, त्यात वायर, आणि मगच बटण चालू.
- नळाला आधी रेग्युलेटर, मग नळी. पाणी हळू सोडा, जोडावर गळतंय का बघा.
- मोजे घालून सांडपाण्याची नळी लावा. दोन्ही टाक्यांच्या मुठी बंदच असू द्या.
- गॅस उघडा, फ्रिज आणि पाणी तापवायचं यंत्र सुरू करा. ते यंत्र त्याची टाकी पाण्याने भरण्याआधी सुरू करायचं नाही.

विजेचं एक गणित लक्षात ठेवा. ३० अ‍ॅम्पिअरची जोडणी म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० वॉट. खोलीचा विजेवरचा हीटर १,५०० खातो, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढेच. त्यात कुणी इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा कुकर, लावला की सगळं गुडुप. एका वेळी दोनच मोठी यंत्रं.

६. टाक्या

आरव्हीत तीन टाक्या असतात. स्वच्छ पाण्याची, न्हाणी आणि मोरीच्या पाण्याची म्हणजे ग्रे टँक, आणि संडासाची ब्लॅक टँक. ग्रे आणि ब्लॅक अशा आकाराच्या गाडीत साधारण ३० गॅलनच्या, म्हणजे ११०-११५ लिटरच्या. सहा माणसांच्या घरात एवढं पाणी एका दिवसात जातं. म्हणून फुल हुकअप. नाहीतर रोज गाडी हलवून डंप स्टेशनच्या, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागेच्या, रांगेत उभं राहायचं.

आमच्या पहिल्या सहलीत जेवणानंतर सगळ्यांनी मिळून हौसेने भांडी घासली. ग्रे टँक भरली होती, मूठ उघडायला मी विसरलो होतो, आणि मसुराची आमटी न्हाणीच्या जाळीतून हळूहळू वर आली. गाडीत सगळ्यात खालचं भोक न्हाणीचं, त्यामुळे तुंबलेलं पाणी तिथेच दर्शन देतं. तेव्हापासून नियम केला: रोज संध्याकाळी ग्रे रिकामी करायची, आणि ताटं-कढया धुण्याआधी कागदाने पुसून घ्यायच्या. चहाचा गाळ, कढीपत्ता, मोहरी यांतलं काहीही मोरीत जाऊ द्यायचं नाही. सिंकच्या भोकावर बारीक जाळी ठेवा.

ब्लॅक टँकबद्दल लोक नाक मुरडतात, पण तिचं शास्त्र साधं आहे: तिला पाणी हवं. मूठ उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट तेवढं तळाशी साठून ढीग होतो, मग भाड्याची अनामत विसरा. मूठ बंद ठेवायची आणि टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची. या बाबतीत टमरेलवाली आपली माणसं कागदवाल्यांपेक्षा बरी, त्यांच्यामुळे टाकीत पाणी आपोआप पडतं. टाकी लवकर भरते एवढंच. कागद वापरायचाच असेल तर लगेच विरघळणारा, आणि ओले रुमाल तर बिलकूल नाही.

सोडताना आधी ब्लॅक, मग ग्रे. मागून येणारं साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. पिण्याच्या पाण्याची नळी या कामाजवळही फिरकू देऊ नका.

पाणी तापवायची टाकी बहुधा सहा गॅलनची, म्हणजे जेमतेम दीड बादली. बाबांना बादलीभर कढत पाण्याने अंघोळ हवी असते, त्यांना पार्कच्या इमारतीतल्या गरम शॉवरकडे न्या. आमचे बाबा पहिल्या दिवशी नाखुशीने गेले, दुसऱ्या दिवशी आमच्याआधी उठून टॉवेल खांद्यावर टाकून निघाले.

फोडणी शक्यतो बाहेरच्या टेबलावर, वेगळ्या छोट्या शेगडीवर द्या. आत दिलीत तर वरचा पंखा आणि खिडकी उघडा, वास गाद्यांत बसतो आणि मालक सफाईचे जादा पैसे मागतो. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून खोली तापवणं मात्र जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निघण्याआधी त्याचा अलार्म बटण दाबून तपासा. आणि रात्री दहा ते सकाळपर्यंत शांततेची वेळ असते. पहाटे पाचला कुकरची शिट्टी नको, शेजारी तंबूत माणसं झोपलेली असतात.

७. दिवस कसे घालवाल

पहिल्या संध्याकाळी कुठेही जाऊ नका. प्रवेशद्वाराशी नकाशा मागा आणि त्सुनामीच्या वेळी कुठल्या वाटेने निघायचं ते विचारून, आई-बाबांच्या चालीने थोडं चालून बघा. हे घाबरवायला नाही. या किनाऱ्यालगत समुद्रतळाशी कॅस्केडिया नावाची भूकंपरेषा आहे. २६ जानेवारी १७०० च्या रात्री ती सरकली तेव्हाच्या लाटा जपानपर्यंत गेल्या आणि तिथल्या दप्तरांत नोंदल्या गेल्या. जमीन जोरात हलली तर भोंग्याची वाट बघायची नाही, आरव्ही तिथेच सोडून उंचाकडे निघायचं.

दुसऱ्या दिवशी किनारा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीच्या आधी तासभर पोहोचा. वाळूत रुतलेला लोखंडी सांगाडा ‘पीटर आयरडेल’ या चार डोलकाठ्यांच्या जहाजाचा आहे. मेक्सिकोहून पोर्टलंडला येताना २५ ऑक्टोबर १९०६ ला ते इथे लागलं, माणसं सगळी वाचली. कोकणातल्या माणसाला उधाणाची आणि भांगाची भरती शिकवावी लागत नाही, पण इथल्या समुद्राच्या दोन खोड्या नवीन आहेत. पाणी ऑगस्टमध्येही इतकं गार असतं की हात-पाय लवकर बधिर होतात, तेव्हा घोट्यापलीकडे नको. आणि मधूनच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा खूप आत येते. ओंडक्यांवर मुलांना चढू देऊ नका, थोड्याशा पाण्यानेही तो भलामोठा ओंडका उलटतो.

मासे खाणाऱ्या घरांसाठी वाळूत रेझर क्लॅम असतात. हे लांबोडे, मांसल शिंपले. १२ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो, माणशी पहिले १५ घ्यायचे, लहान-मोठं निवडायचं नाही. या किनाऱ्यावर १५ जुलै ते ३० सप्टेंबर बंदी असते, म्हणजे सप्टेंबरवाल्यांनी नाद सोडावा. एरवीही विषाच्या धोक्यामुळे मध्येच बंद करतात, राज्याच्या शेती खात्याची सूचना त्याच सकाळी बघा.

फोर्ट स्टीव्हन्स हा मुळात लष्करी किल्ला. बाबांना इतिहास आवडत असेल तर तिथला जुना तोफखाना, बॅटरी रसेल, दाखवा. २१ जून १९४२ च्या रात्री जपानच्या आय-२५ पाणबुडीने या किल्ल्यावर १७ तोफगोळे टाकले. ठावठिकाणा कळू नये म्हणून किल्ल्याने उलट मारा केलाच नाही. नुकसान काय, तर बेसबॉलच्या मैदानाची जाळी. तिसरा दिवस तळ्याभोवती दोनेक मैलांचा फेरा, दुपारची झोप, आणि वाटलं तर घरच्या गाडीने अ‍ॅस्टोरिया. तिथल्या मनोऱ्याला १६४ पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनही नदीचं मुख छान दिसतं.

८. निघताना

दुपारी एकला जागा सोडायची. अकरापासून लागा. आधी दोन्ही टाक्या, मग नळ, मग वीज, मग गॅस, मग उट्या. फ्रिजचं दार, छतावरच्या खिडक्या, अँटेना एकाने मोठ्याने म्हणत दुसऱ्याने बघायचं. मग गाडी दहा फूट पुढे घेऊन सगळ्यांनी खाली उतरून मोकळी जागा बघा, पाट्या आणि चपला हमखास मागे राहतात. शेवटी दाराखालची घडीची पायरी आत गेलीय का ते बघायचं काम बाबांकडे द्या. आमचे बाबा अजून पुण्याहून फोनवर आधी तेच विचारतात.